ग्रीन बे : ९६ पैकी ३५

अमेरिकेतून आपल्या अंकासाठी प्रवासवर्णन लिहायचं म्हणजे नायगारा, नाहीतर ग्रँड कॅन्यन, हे ठरलेलंच असतं. दोन्हींचे फोटो माझ्याकडे आहेत. पण मला लिहायचंय ते ग्रीन बे नावाच्या एका लहान शहराबद्दल. २०२५ च्या एप्रिलमध्ये एका गुरुवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी तिथे गेलो होतो. बघायला ना धबधबा होता, ना दरी. एका स्टेजवरून काही नावं वाचली जाणार होती आणि ती ऐकायला लाखो माणसं जमणार होती. त्यातलाच मी एक.

मी मूळचा इंदूरचा. बीई तिथेच झालो, नोकरीने फिरवत फिरवत मिलवॉकीला आणून सोडलं. मिलवॉकी विस्कॉन्सिन राज्यात, मिशिगन सरोवराच्या काठावर. इथे ऑफिसात सोमवारी सकाळी हवामानावर बोलतात तितकंच फुटबॉलवर बोलतात. हा फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळायचा नाही. हेल्मेट घालून, लंबगोल चेंडू हातात घेऊन धडका मारत पुढे जायचा तो. पहिलं वर्ष मी नुसता मान हलवत होतो. मग नियम शिकलो, आणि मग व्यसन लागलं.

व्यसन खेळाचं कमी, ‘ड्राफ्ट’चं जास्त. आयपीएलचा लिलाव तुम्ही बघताच. तिथे पैशांची बोली लागते. इथे बोली नाही, पाळी असते. व्यावसायिक संघ ३२. दरवर्षी एप्रिलमध्ये ते कॉलेजातून बाहेर पडणारे खेळाडू पाळीपाळीने निवडतात. गेल्या मोसमात जो संघ तळाला राहिला त्याला पहिली पाळी, जो अजिंक्य ठरला त्याला बत्तिसावी. अशा सात फेऱ्या. हेतू असा की दुबळा संघ कायम दुबळा राहू नये. ही कल्पना फिलाडेल्फिया संघाचे मालक बर्ट बेल यांची. पहिला ड्राफ्ट १९३६ मध्ये फिलाडेल्फियातल्या एका हॉटेलात झाला. त्यात सर्वांत पहिलं नाव निघालं जे बर्वँगर या खेळाडूचं. गंमत म्हणजे हा गडी व्यावसायिक फुटबॉलचा एकही सामना खेळला नाही! सुरुवातच अशी झालेली.

ड्राफ्टच्या आधी कोण कुठे जाणार याचा अंदाज बांधणं हा इथला स्वतंत्र उद्योग आहे. वर्तमानपत्रं, टीव्हीवाले, हौशी लोक, सगळे आपापल्या याद्या काढतात. आमच्या ऑफिसातही स्पर्धा असते. पहिल्या फेरीतली ३२ नावं लिहायची, प्रत्येकापुढे संघ लिहायचा. नाव पहिल्या फेरीत आलं तर १ गुण, संघही जुळला तर आणखी २. एकूण ९६ गुण.

मी पडलो सॉफ्टवेअरवाला, हाताने यादी कशी करणार? फेब्रुवारी-मार्चमध्ये इंडियानापोलिसला खेळाडूंची मोजणी होते. उंची, वजन, ४० यार्ड किती सेकंदांत धावतो, उभ्याने किती उंच उडी मारतो, असं सगळं. ते आकडे घेतले. कॉलेजातली कामगिरी घेतली. कोणत्या संघात कोणती जागा रिकामी आहे ते घेतलं. शिवाय पन्नासेक जाणकारांच्या याद्या घेऊन त्यांची सरासरी काढली. सगळं कालवून एक प्रोग्रॅम लिहिला. रोज रात्री जेवण झालं की तो चालवून बघायचो. बायको म्हणायची, “एवढा अभ्यास बीईला केला असतास तर?”

इथे दुसरी एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही.

त्याच महिन्यात इंदूरला माझ्या भाच्याचा जेईईचा निकाल लागला होता. मार्क मनासारखे नव्हते. ताईचा फोन आला, “तू जरा बघ ना, याला कुठे मिळेल.” मी बघितलं. माझ्या हाताशी पद्धत तयारच होती. गेल्या काही वर्षांत कोणत्या कॉलेजची कोणती शाखा कितव्या क्रमांकावर बंद झाली ते आकडे घेतले, भाच्याचा क्रमांक घातला आणि तक्ता केला. मिळणार ते हिरवं, काठावरचं पिवळं, मिळणार नाही ते लाल. त्याने सांगितलेल्या दहा पर्यायांत नऊ लाल होते, एक पिवळा. तो तक्ता मी घरच्या ग्रुपवर टाकला. त्याला एकट्याला नव्हे, ग्रुपवर, जिथे दोन्हीकडचे आजी-आजोबा, माम्या, मावश्या सगळे आहेत. खाली लिहिलं, ‘वस्तुस्थिती लवकर कळलेली बरी.’

त्यानंतर भाचा माझ्याशी बोलला नाही. मेसेज वाचायचा, उत्तर नाही. ताई एवढंच म्हणाली, “अरे, चूक काही नाही तुझं. पण तो त्या दिवशी जेवला नाही.” मी मनाशी म्हटलं, आकडे आहेत, मी काय करणार?

तर अशा मनःस्थितीत मी गुरुवारी, २४ एप्रिलला दुपारी ग्रीन बेच्या रस्त्याला लागलो. मिलवॉकीहून उत्तरेला दोन तासांचा रस्ता. दोन्ही बाजूंना गाईंचे गोठे, उंच गोल कोठारं, नुकती नांगरलेली शेतं. विस्कॉन्सिन म्हणजे दुधाचा आणि चीजचा मुलूख. म्हणूनच इथले फुटबॉलप्रेमी डोक्यावर चीजच्या तुकड्यासारखी पिवळी त्रिकोणी टोपी घालतात आणि स्वतःला ‘चीजहेड’ म्हणवून घेतात. पहिल्यांदा बघितलं तेव्हा हसू आलं होतं. आता माझ्याही गाडीच्या डिकीत एक पडलेली असते.

ग्रीन बेची वस्ती लाखाच्या थोडी वर. आपल्या इंदूरच्या दोन-चार वॉर्डांएवढी म्हणा. एवढ्याशा शहरात देशातल्या सर्वांत जुन्या व्यावसायिक संघांपैकी एक कसा, हा प्रश्न मला पहिल्यांदा पडला होता. १९१९ मध्ये कर्ली लॅम्बो आणि जॉर्ज कॅलहून या दोघांनी तो उभा केला. लॅम्बो मांस डबाबंद करणाऱ्या कंपनीत नोकरीला होता. जर्सीसाठी त्याने मालकाकडूनच पैसे घेतले. त्या ‘पॅकिंग’वरून संघाचं नाव पडलं पॅकर्स. पुढे पैशाची ओढाताण झाली तेव्हा गावकऱ्यांनी शेअर विकत घेऊन संघ जगवला. आज पाच लाखांवर भागधारक आहेत. या शेअरवर लाभांश मिळत नाही, तो बाजारात विकताही येत नाही. भिंतीवर फ्रेम करून लावायचा, बस. बाकी ३१ संघांना धनाढ्य मालक आहेत, याला गावच मालक. इंदूरकरांना याचं फार नवल वाटू नये. मुंबईसारख्या संघांच्या काळात होळकर संघाने चार वेळा रणजी करंडक आणलाच होता की.

स्टेडियमचं नाव लॅम्बो फील्ड. ८१ हजार माणसं मावतात आणि चहूबाजूंनी साधी, बैठी घरं. जणू कॉलनीत मध्येच कुणी किल्ला आणून ठेवलाय. सामन्याच्या दिवशी तिथले लोक आपल्या अंगणात गाड्या लावू देतात आणि चार पैसे मिळवतात. मीही अशाच एका अंगणात गाडी लावली. घरमालक आजोबा सत्तरीच्या पुढचे, हिरव्या जर्सीत, खुर्ची टाकून बसलेले. चाळीस डॉलर घेतले आणि विचारलं, “कुठून आलास?”

“मिलवॉकी.”

“त्याच्या आधी?”

“इंदूर. भारत.”

त्यांनी मान डोलावली आणि माझ्या हातातल्या कागदाकडे बोट दाखवलं. बत्तीस नावांची प्रिंट मी सोबत घेतली होती. त्यांनी चष्मा लावून ती वाचली आणि परत देत म्हणाले, “छान आहे. १९८९ मध्ये माझीही अशीच होती.”

मग त्यांनी १९८९ ची गोष्ट सांगितली. त्या वर्षी पॅकर्सची पाळी दुसरी होती. त्यांनी टोनी मँडरिच नावाचा आडदांड गडी घेतला. सगळ्या जाणकारांचं मत होतं की असा खेळाडू पिढीतून एकदाच होतो. गावात दिवाळी. त्या ड्राफ्टमधले पहिले पाच खेळाडू बघा : पहिला ट्रॉय एकमन, दुसरा मँडरिच, तिसरा बॅरी सँडर्स, चौथा डेरिक थॉमस, पाचवा डियॉन सँडर्स. या पाचांपैकी चौघे पुढे खेळाच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये गेले. जो गेला नाही तो ग्रीन बेचा. चार वर्षांत त्याला संघातून नारळ मिळाला.

“आणि बार्ट स्टार ठाऊक आहे?” आजोबांनी विचारलं. हे नाव ठाऊक नसलेला माणूस विस्कॉन्सिनमध्ये राहूच शकत नाही. बार्ट स्टार क्वार्टरबॅक, म्हणजे मैदानावर संघाची सूत्रं ज्याच्या हाती असतात तो. प्रशिक्षक विन्स लोम्बार्डींच्या हाताखाली त्याने पॅकर्सला पाच अजिंक्यपदं मिळवून दिली, पहिले दोन्ही सुपर बोल त्यात आले. १९५६ च्या ड्राफ्टमध्ये त्याचं नाव सतराव्या फेरीत, २०० व्या क्रमांकावर आलं होतं. त्याच्या आधी १९९ जणांना पसंती मिळाली होती.

टॉम ब्रेडीची गोष्ट मला माहीत होती. २००० सालचा १९९ वा क्रमांक, पुढे सात सुपर बोल. २०२२ मध्ये अगदी शेवटचा, २६२ वा निवडलेला ब्रॉक पर्डी दोनच वर्षांत सुपर बोलमध्ये सुरुवातीपासून खेळला, हेही माहीत होतं. ही उदाहरणं मी अपवाद म्हणून बाजूला ठेवली होती. आमच्या भाषेत ‘आउटलायर’. आकडे साफ करताना असले बिंदू काढून टाकतात.

स्टेडियमबाहेर मोठा रंगमंच उभारला होता. प्रवेश फुकट, फोनवर नाव नोंदवलं की झालं. दुपारपासून रस्ते भरून वाहत होते. ३२ संघांच्या ३२ रंगांच्या जर्सी, भाजलेल्या सॉसेजचा वास, तळलेल्या चीजच्या गोळ्यांसमोर रांगा. पहिल्या दिवशी दोन लाखांवर लोक आले, तीन दिवसांत सहा लाख. गावाच्या वस्तीच्या सहापट! तरी धक्काबुक्की नाही. मला आपली अनंत चतुर्दशीची मिरवणूक आठवली. राजवाड्यापाशी असाच सगळा गाव झाकी बघायला लोटतो आणि पोरांना खांद्यावर घेऊन बाप उभे असतात.

संध्याकाळी सात वाजता सुरुवात झाली. पहिल्या फेरीत प्रत्येक संघाला विचार करायला त्या वर्षी दहा मिनिटं मिळत होती. पहिली पाळी टेनेसीची. त्यांनी क्वार्टरबॅक कॅम वॉर्ड घेतला. माझ्या यादीत तोच. तीन गुण! शेजारच्या अनोळखी माणसाला मी टाळी दिली.

दुसरी पाळी क्लीव्हलंडची. इथे ट्रॅव्हिस हंटर जाणार हे जवळजवळ सगळ्यांनी लिहिलं होतं. पण क्लीव्हलंडने आपली पाळीच जॅक्सनव्हिलला देऊन टाकली आणि बदल्यात त्यांची पाचवी पाळी आणि पुढच्या वर्षीची पहिल्या फेरीची पाळी घेतली, शिवाय आणखीही काही. हंटर जॅक्सनव्हिलला गेला. मी पाचव्या क्रमांकावर जॅक्सनव्हिलपुढे मेसन ग्रॅहम लिहिला होता. तो पाचवाच गेला, पण क्लीव्हलंडला. क्रमांक बरोबर, संघ चूक. माझ्या प्रोग्रॅममध्ये पाळ्यांची अदलाबदल धरलेलीच नव्हती, कारण ती धरणं अवघड होतं. एक विट सरकली की वरच्या सगळ्या सरकतात. दहाव्या पाळीपर्यंत माझा कागद मी घडी करून खिशात घातला होता.

तेविसाव्या पाळीला पॅकर्स आले. चेंडू झेलण्यासाठी पुढे धावतो त्या खेळाडूला वाइड रिसीव्हर म्हणतात. २००२ नंतर पॅकर्सनी पहिल्या फेरीत असा खेळाडू घेतलाच नव्हता. गावाची ही जुनी तक्रार. मॅथ्यू गोल्डन, वाइड रिसीव्हर, असं नाव पुकारलं गेलं आणि जो आवाज उठला तो मी शब्दांत सांगू शकत नाही. माझ्या पुढची एक आजी रडत होती. त्या मुलाने अजून गावासाठी एक चेंडूही झेलला नव्हता.

पण त्या रात्री सगळे ज्याच्याबद्दल बोलत होते ते नाव शेवटपर्यंत आलंच नाही. शेड्युर सँडर्स, कॉलोराडोचा क्वार्टरबॅक. १९८९ च्या यादीतल्या त्या डियॉन सँडर्सचा मुलगा. बहुतेकांनी त्याला पहिल्या फेरीत धरलं होतं, कुणी तर पहिल्या पाचांत. मी एकविसावा, पिट्सबर्गला. एकविसावं नाव दुसरंच निघालं. पंचविसाव्या पाळीला न्यूयॉर्क जायंट्स क्वार्टरबॅकसाठी पुढे सरसावले तेव्हा लोक म्हणाले, हाच. त्यांनी जॅक्सन डार्टला घेतलं. बत्तीस नावं संपली. हवेत गारठा उतरला होता. लोक पांगताना एकमेकांना विचारत होते, “झालं काय?”

अंगणात परत आलो तर आजोबा खुर्चीतच, पांघरूण घेऊन बसलेले. “किती जुळले?” त्यांनी विचारलं. मी फोनवर हिशेब केला. नावं २५ जुळली, संघ फक्त ५. पंचवीस आणि दहा, पस्तीस.

“त्या मुलाला तू कधी खेळताना बघितलंस?” त्यांनी सँडर्सबद्दल विचारलं.

मी म्हटलं, “नाही, आकडे बघितले.”

ते काही बोलले नाहीत. गाडी मागे घेताना कुंपणाला लागू नये म्हणून मला हात दाखवत उभे राहिले.

परतीच्या दोन तासांत तो प्रश्न डोक्यातून गेला नाही. कोणता मुलगा कसा खेळेल याचा अंदाज मी बांधलाच नव्हता. ३२ ऑफिसांतली माणसं एका संध्याकाळी काय करतील याचा बांधला होता, आणि तोही बऱ्याच अंशी इतरांच्या अंदाजांची सरासरी काढून. ती माणसं तरी कितपत बरोबर असतात? केड मॅसी आणि रिचर्ड थेलर या संशोधकांनी ड्राफ्टच्या अनेक वर्षांचा अभ्यास केला आहे. एकाच जागेवर खेळणारे, लागोपाठ निवडलेले दोन खेळाडू घ्या. आधी निवडलेला पुढे सरस ठरण्याची शक्यता नाणेफेकीपेक्षा थोडीशीच जास्त निघते. हा निष्कर्ष मी पूर्वीच वाचला होता आणि स्पर्धेला त्याचा उपयोग नाही म्हणून सोडून दिला होता. क्रमांक त्या दिवसाचा असतो, माणसाचा नव्हे, हे मला माहीत असून दिसलं नव्हतं.

भाच्याच्या तक्त्यातही मी हेच केलं होतं. कोणत्या कॉलेजचं दार कितव्या क्रमांकाला बंद होतं, एवढंच त्या आकड्यांना माहीत होतं. ते चुकीचे नव्हते, उपयोगाचेही होते. पण मी लाल रंग कॉलेजांना दिला आणि घरातल्या सगळ्यांनी, त्याने स्वतःसुद्धा, तो त्याचा रंग समजला. आपल्या मंडळाच्या कार्यक्रमात माईकची शिट्टी सुरू झाली की सगळे ज्याला हाका मारतात तो हाच मुलगा. दहावीत असताना त्याने जुना अॅम्प्लिफायर उघडून दुरुस्त केला होता. माझ्या तक्त्यात याला रकाना नव्हता. आणि मी त्याचा मामा. निदान मी तरी त्याला ‘खेळताना’ बघितलं होतं.

शनिवारी दुपारी बातमी आली. शेड्युर सँडर्सला पाचव्या फेरीत, १४४ व्या क्रमांकावर क्लीव्हलंडने घेतलं. त्याच्या आधी पाच क्वार्टरबॅक गेले होते, त्यातला एक तर क्लीव्हलंडनेच घेतला होता. तो पुढे बार्ट स्टार होईल की काहीच होणार नाही, ते मला माहीत नाही. आणि या वेळी ते काढायचा प्रोग्रॅम लिहावासाही वाटला नाही.

रात्री नऊला मी इंदूरला फोन लावला. तिकडे रविवारची सकाळ, साडेसात. ताईने उचलला. मागून पोह्यांच्या फोडणीचा आवाज येत होता, जिलबी आणायला दाजी निघाले होते. म्हटलं, “त्याला दे.” बराच वेळ कुणी बोललं नाही. मग, “हं, मामा.”

मी म्हटलं, “तो तक्ता ग्रुपवर टाकायला नको होता. तुला विचारायला हवं होतं. चुकलं माझं.”

तो गप्प. मग म्हणाला, “तक्ता बरोबर होता पण.”

“तक्ता कॉलेजांचा होता. तुझा नव्हता.”

पुन्हा शांतता. मग त्याने विचारलं, “तुझ्या त्या फुटबॉलच्या यादीचं काय झालं? आई सांगत होती, तू रात्र-रात्र बसायचास.”

“९६ पैकी ३५.”

त्याने मनातल्या मनात भागाकार केला असावा. “छत्तीस टक्के,” तो म्हणाला. “काठावर पास आहेस, मामा.” आणि हसला. इतक्या दिवसांनी पहिल्यांदा.

मग आम्ही दोघांनी मिळून तो तक्ता पुन्हा उघडला. या वेळी आधी त्याने सांगितलं, त्याला काय शिकायचंय. इलेक्ट्रॉनिक्स, आणि जमल्यास ध्वनीशी संबंधित काहीतरी. त्यावरून कॉलेजं शोधली. माझ्या पहिल्या यादीत नसलेली तीन निघाली. आता तो इंदूरमध्येच इलेक्ट्रॉनिक्सच्या पहिल्या वर्षाला आहे. पुढे काय होईल ते पुढे.

ऑफिसातली स्पर्धा आमच्या टेस्टिंगच्या टीममधल्या पन्नाशीच्या एका बाईंनी जिंकली, ४१ गुण. जन्माने त्या ग्रीन बेच्या. पॅकर्सच्या पाळीपुढे त्यांनी वाइड रिसीव्हर मॅथ्यू गोल्डन लिहिलं होतं. मी त्यांना विचारलं, कोणती पद्धत वापरलीत? म्हणाल्या, “पद्धत कसली? मी दरवर्षी तिथे रिसीव्हरच लिहिते. यंदा जमलं.”